हादरा आणि खांदा



सातारा-सांगलीच्या माणसाला खांद्याच्या बळाविषयी सांगायला उभे राहणे म्हणजे धाडसच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ साली जाकार्तात सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. तालमीत मुद्गल फिरवून घडलेला खांदा आपण ओळखतो. मी बोलणार आहे तो यंत्राच्या हादऱ्याखाली सापडलेल्या खांद्याविषयी.

हादरा प्रथम औषध म्हणून, तोही बहुधा सुखवस्तूंच्या वाट्याला आला. १८६५ साली स्टॉकहोमात झांडर या डॉक्टराने यंत्रांची व्यायामशाळा काढली. आगगाडीच्या प्रवासानंतर कंपवाताच्या रोग्यांना बरे वाटते, असे ऐकून पॅरिसच्या शार्कोने हादरणारी खुर्ची करविली. पुढे १९६६ साली स्वीडनच्या हागबार्थ आणि एकलुंड यांनी दाखविले, की स्नायूवर जलद कंप लावला तर तो आपोआप आवळतो. आजच्या व्यायामशाळांतील थरथरत्या फळ्या याच गुणाचा आधार घेतात. तिथे हादरा मिनिटांचा असतो. नको झाला की माणूस उतरतो.

कामगाराला उतरता येत नाही. १९६४ साली पुरे झालेल्या कोयना धरणासाठी आणि त्याच्या बोगद्यांसाठी सह्याद्रीचा काळा पाषाण फोडावा लागला. असा कातळ फोडताना दाबाच्या हवेवर चालणारे ड्रिल माणूस अंगाचा भार देऊन धरतो. हादऱ्याने मूठ आपोआप आवळते. मूठ आवळली की हादरा अधिकच हातात शिरतो. जलद हादरा बोटांत जिरतो, संथ हादरा कोपर ओलांडून खांद्यापर्यंत चढतो. मुद्गलाची लय माणसाची असते, ड्रिलची यंत्राची.

अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी १९१८ साली इंडियानातील पाथरवटांची थंडीत पांढरी पडणारी बोटे तपासली. इंग्लंडात हा विकार भरपाईच्या यादीत यायला १९८५ साल उजाडले. सदुसष्ट वर्षे! आणि तीच कसोटी जशीच्या तशी इकडे आणली तर आपला माणूस धडधाकट ठरेल, कारण उष्ण हवेत बोटे पांढरी पडणे क्वचितच दिसते. बधिरपणा आणि मुंग्या मात्र येतात. म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारावे: सदऱ्याची गुंडी लावता येते का, रात्री हात झोपतो का, आणि हात वर नेताना खांदा कुठे अडतो.