धनुर्धराचें वय आणि मोहिमेचा खर्च

वैनगंगा ओलांडून आरमोरीस पोंचलें, म्हणजे चांद्याच्या जुन्या अरण्यप्रदेशाचें दार उघडतें. हा मुलूख १९८२ च्या ऑगस्टपर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. पुढें तो नव्या गडचिरोली जिल्ह्यांत आला. येथील गोंड व माडिया लोकांच्या घरीं धनुष्य हें कुऱ्हाडीइतकेंच नित्याचें साधन होतें. बांबूची कमान, बांबूच्याच कांबीची दोरी आणि लोखंडी टोंकाचा बाण, एवढीच त्याची सामग्री. तें करावयास पैसा लागत नसे; लागे तो हाताचा सराव आणि डोळ्याचा धीर. वय वाढलें म्हणजे धनुष्य खालीं ठेवावयाचें, ही कल्पना या विद्येंत मुळांतच नाहीं.

युरोपांत धनुष्याचा उपयोग संपून त्याचा खेळ झाला, तेव्हांही विद्येचा हा गुण कायम राहिला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें क्वीनी न्यूअल या इंग्रज बाईंनीं सुवर्णपदक मिळविलें, त्या वेळीं त्यांचें वय त्रेपन्न होतें. त्यांनीं ज्यांना मागें टाकलें, त्या लॉटी डॉड टेनिसमध्यें विंबल्डनच्या पांच वेळच्या विजेत्या असून वयानें बऱ्याच लहान होत्या. इतक्या वयांत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारी स्त्री त्यानंतर दुसरी झाली नाहीं.

याहूनही बोधप्रद उदाहरण बेल्जमच्या हुबर्ट व्हान इनिस याचें आहे. १९०० सालीं पॅरिस येथें त्यानें दोन सुवर्णपदकें व एक रौप्यपदक मिळविलें, तेव्हां तो चौतीस वर्षांचा होता. पुढें वीस वर्षें ऑलिंपिकच्या पटावर त्याचें नांव दिसत नाहीं. १९२० सालीं अँटवर्प येथें तो पुन्हां उतरला, आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं चार सुवर्ण व दोन रौप्यपदकें घेऊन परतला. एवढ्यावर न थांबतां १९३३ सालीं लंडन येथील जागतिक स्पर्धेंत विजयी ठरलेल्या बेल्जियन संघांतही तो होता. त्या वेळीं त्याचें वय सदुसष्ट होतें.

या पुनरागमनाची दुसरी बाजूही ध्यानांत घेण्यासारखी आहे. अँटवर्प हें व्हान इनिसच्या स्वदेशांतीलच शहर. तेथील धनुर्विद्येच्या सामन्यांत बेल्जम, फ्रान्स व हॉलंड या शेजारच्या तीनच देशांचे स्पर्धक होते. म्हणजे स्पर्धा जणुं त्याच्या दाराशीं चालत आली होती. हात स्थिर होता हें खरें. परंतु वाटही लहान होती. ज्याची वाट समुद्रापलीकडून येते, त्याचें काय, हा प्रश्न येथें उपस्थित होतो.

त्याच १९२० सालीं, त्याच अँटवर्पला हिंदुस्थानचे खेळाडू गेले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हा विचार आला, आणि त्यांनीं त्यासाठीं स्वतःची थैली मोकळी केली. त्या तुकडींतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनच्या शर्यतींत एकोणिसावे आले. धनुर्विद्येच्या मैदानावर मात्र हिंदी मनुष्य नव्हता. ज्या देशाच्या अरण्यांत धनुष्य अजून चरितार्थाचें साधन होतें, त्या देशाचा धनुर्धर तेथें नव्हता, आणि त्याला तेथवर नेणारा दाताही कोणी नव्हता.

दात्यावांचून जगाच्या मैदानावर परतणें म्हणजे काय, हें मराठी मुलखांत धनुर्धराच्या नव्हे, तर एका मल्लाच्या चरित्रांत वाचावयास मिळतें. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडन ऑलिंपिकमध्यें सहावे आले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं केला होता. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें ठरलें, तेव्हां पैसा उभा करण्याचा भार त्यांच्यावर व त्यांच्या लोकांवर पडला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनीं ब्राँझपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर त्यांनीं कुस्त्या भरवून पैसा जमविला आणि गुरुजींचें घर सोडवून दिलें. तेव्हां ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. ऐन तारुण्यांतील मल्लासाठीं जर घर गहाण पडलें, तर पन्नाशीच्या धनुर्धरानें कोणाकडे पाहावें?

१९२० नंतर धनुर्विद्या ऑलिंपिकमधून वगळली गेली. १९३१ सालीं तिचा जागतिक संघ स्थापन झाला, तरी ऑलिंपिकचें दार उघडावयास १९७२ साल उजाडावें लागलें. म्युनिकच्या त्या स्पर्धेंत स्त्रियांचें सुवर्णपदक अमेरिकेच्या डोरीन विल्बर यांनीं बेचाळीसाव्या वर्षीं मिळविलें. योगायोग असा, कीं त्याच १९७२ सालीं भारतांत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. जगाच्या मैदानावर धनुष्याला पुन्हां आसन मिळालें, आणि अरण्यांतल्या धनुष्याच्या शिकारीच्या कामावर त्याच वर्षीं कायद्याचें बंधन आलें.

त्यानंतर शासनानें अरण्यांतून धनुर्धर शोधले. राजस्थानचे लिंबाराम अशाच निवडींतून पुढें आले, व १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्यें भारताचे धनुर्धर प्रथमच उतरले. पण शोध झाला तो पोरसवदा मुलांचा. यांत गैर कांहीं नाहीं. नागपूरचा ओजस देवतळे एकविसाव्या वर्षीं व साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षीं २०२३ सालीं बर्लिन येथें जगज्जेतीं झालीं, हें अशाच तरुण वयाचें फळ होय. परंतु ज्यानें एकदां धनुष्य ठेवलें आणि पुन्हां उचललें, त्याच्यासाठीं शिबिर नाहीं कीं शिष्यवृत्ति नाहीं. सत्तर मीटरांवरून बहात्तर बाणांची पहिली फेरी मारावयाची, प्रत्येक बाणाला वीस किलोंच्या आसपास ओढ द्यावयाची, आणि ज्या धनुष्याला, बाणांना व दुर्बिणीला लाखांच्या घरांत रुपये पडतात तें सर्व आपल्याच मिळकतींतून घ्यावयाचें, असा हा योग आहे.

तरीही तो साधतो. जपानचे हिरोशी यामामोतो यांनीं १९८४ सालीं ब्राँझपदक मिळविलें. त्यानंतर शिक्षकाचा पेशा संभाळीत ते सराव करीत राहिले, आणि वीस वर्षांनीं, २००४ सालीं अथेन्स येथें, एकेचाळीसाव्या वर्षीं त्यांनीं रौप्यपदक घेतलें.

तेव्हां उतारवयांतला धनुर्धर स्वखर्चानें जगाच्या मैदानावर परतूं लागला, म्हणजे लोक त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहतात. इतिहास मात्र सांगतो, कीं केसांचा रंग या विद्येला फारसा आड येत नाहीं. आड येते ती थैली. आरमोरीच्या रानांत बांबूचें धनुष्य फुकट होतें, म्हणून तेथें म्हाताराही धनुर्धर राहूं शकला. धनुष्य महाग झालें, आणि मग मनुष्य लवकर म्हातारा ठरूं लागला.