खानदेशी गोधडीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात. या दोहोंच्या पंक्तीला गोधडीलाही बसवायला हरकत नव्हती. कारण जिच्या पोटात आजेसासूचे लुगडे, सासऱ्याचे धोतर, थोरल्या मुलाचा शाळेतला सदरा आणि कुणा पाहुण्याचे विसरून राहिलेले उपरणे अशी तीनचार पिढ्यांची वस्त्रे एकमेकांस बिलगून बसलेली असतात, तिचा जन्म अमुक साली अमुक हातून झाला असा दाखला कोणत्या दफ्तरात मिळणार? तरीही हा उपद्व्याप करावासा वाटतो, तो एवढ्यासाठी की, गोधडीविषयी जे उत्तर सर्वांच्या जिभेवर तयार असते, म्हणजे गरिबी होती, कापड महाग होते, म्हणून बायका चिंध्या जोडीत, ते खानदेशापुरते तरी अपुरे आहे.

खानदेश कापडाला कधीच पारखा नव्हता. अकबराच्या अमदानीत या सुभ्याची माहिती लिहिताना अबुल फजलने ‘ऐने-अकबरी’त धरणगावच्या उत्तम कापडाचा मुद्दाम उल्लेख केला, आणि पुढे सतराव्या शतकात त्याच धरणगावी इंग्रजांनी आपली वखार घातली. फैजपूरचे रंगारी नीळ आणि आल यांच्या निळ्या-तांबड्या रंगांबद्दल नावाजलेले होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नेमक्या त्याच सुमारास मुंबईची आगगाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे टप्पे घेत खानदेशात शिरली, आणि धुळ्यासारखे जिल्ह्याचे ठाणे बाजूस राहून जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. तेथे 1874 च्या सुमारास मुळजी जेठा यांची कापडगिरणी चालू झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरास प्रतापशेठांची. इतका कापूस आणि इतके कापड ज्या मुलखात, त्या मुलखातला कुणबी, ज्याच्या ओसरीत मार्गशीर्षात कापसाचा ढीग आढ्याला टेकत असे, तो स्वतः मात्र जुन्या लुगड्यांच्या थरांखाली का निजत असे?

एक कारण उघड आहे. ओसरीतला कापूस डोळ्यांना आपला दिसला, तरी हिशेबात तो आधीच दुसऱ्याचा झालेला असे. त्यातून सरकारचा सारा, सावकाराचे व्याज आणि पुढच्या पेरणीचे बी निघायचे होते, आणि जे पीक रोकडीसाठी काढायचे ते अंगावर पांघरायला घेणे म्हणजे बियाण्याच्या धान्याच्या भाकरी भाजण्याइतकेच अविचाराचे मानले जाई. तालेवारांच्या घरी पिंजारी येई, धनुकलीची तार झंकारे, आणि रजई, दुलई, लेफ, तोशक असा फारसी नावांचा सरंजाम भरला जाई. परंतु त्याही घरांत गोधडी होतीच, आणि तेथे ती गरिबीने आलेली नव्हती हे सांगायला नको. याचे कारण रजईच्या अंगच्याच एका दोषात आहे. रजई धुता येत नाही. पाणी लागले की आतल्या कापसाचे गोळे होतात, आणि ती पुन्हा उसवून पिंजून भरावी लागते. जेथे तान्हे मूल निजते, तेथे हे बिछाने काय कामाचे? मुलाच्या अंगाखाली असे वस्त्र हवे की जे रात्री भिजले तर सकाळी धुवावे, दुपारी खानदेशच्या उन्हात वाळावे आणि संध्याकाळी पुन्हा घालता यावे. जे नव्या कोऱ्या खळीच्या कापडासारखे अंगाला टोचणार नाही. आणि जे कितीही वेळा बडवले तरी आतले थर जागचे हलणार नाहीत. या सर्व अटींना उतरणारी वस्तू एकच, ती म्हणजे वीस वर्षे धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेल्या सुती लुगड्याचे चारपाच पदर दाट टाक्यांनी एकजीव केलेले दुपटे. माझा समज असा की, मोठी गोधडी ही दुपट्याची थोरली बहीण नसून त्याची लेक आहे. आधी मुलासाठी लहान शिवले गेले, आणि त्याचा गुण पटल्यावर ते माणसाच्या मापाने वाढत गेले. याला लेखी पुरावा कोठून आणावा? पण शिवण्याची रीत पाहिली म्हणजे हा तर्क बळकट होतो.

ती रीत कळण्यासाठी आधी शिवणारी कोण हे पाहिले पाहिजे. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन माघापर्यंत चाले, आणि ते काम मुख्यतः बायकांचे. सून उजाडताच पोटाशी ओटी बांधून शेतावर जाई. जिची कंबर आता वाकवत नाही अशी सासू घरी राही, आणि तिच्या स्वाधीन दोन गोष्टी असत, एक घर आणि दुसरे नातवंड. होळीनंतर शेतातली कामे सरत, ऊन चढे, आणि दुपारची जेवणे झाल्यावर धाब्याच्या घराच्या गार जमिनीवर गोधडी पसरली जाई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येत. त्यांपैकी जी पहिलटकरीण असे तिच्या बाळंतपणाची तजवीजही याच दिवसांत व्हायची, कारण पहिले बाळंतपण माहेरचे आणि बाळाची दुपटी, टोपडी, कुंच्या हा आजोळचा मान. मृगाचा पाऊस पडून जमिनीला ओल सुटण्यापूर्वी सगळे शिवणकाम उरकावे लागे.

नऊवारी लुगड्याचे आडवे चार तुकडे करावेत. दोन जोडून तळ होतो, दोन जोडून वरचा पदर. तळ जमिनीवर ताणून घालायचा, चारी कोपऱ्यांवर पाट्याचा दगड, वरवंटा, अडकित्ता, जे हाती लागेल ते ठेवायचे, आणि मध्ये फाटके-तुटके सारे धुडके असे रचायचे की कोठे उंचवटा राहू नये. सदऱ्याची कॉलर, धोतराची जाड किनार, परकराची नेफ्याची पट्टी ही आधी उसवून काढावी लागते, नाहीतर तिच्यावर सुई अडते आणि पुढे तीच जागा पहिल्यांदा फाटते. वरचा पदर घालून कडा आत मुडपल्या की शिवण बाहेरून आत चालू होते: आधी चारी बाजूंनी एक फेरा, मग त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, मग तिसरा, असे चौकोनात चौकोन घालीत मध्यापर्यंत यायचे. दोऱ्याची गाठ पदरांच्या आत दडवायची. शिवणारी गोधडीवरच बसते, कारण तिचे स्वतःचे वजन हाच तिचा ताण. आणि नातवंड शेजारी बसले तर तेवढेच आणखी एक वजन मिळते, म्हणून त्याला कोणी उठवीत नाही.

त्या नातवंडाला एक हुद्दाही असे. साठी उलटलेल्या डोळ्यांना सुईचे नेढे दिसत नाही, आणि चार-पाच वर्षांच्या डोळ्यांना त्याहून बारीकही दिसते. धुळ्याकडच्या अहिराणी घरात “भाऊ, सुईमा दोरा टाकी दे” अशी हाक दुपारभर दर थोड्या वेळाने ऐकू येई. पोर दोऱ्याचे टोक ओठांत ओले करी, एक डोळा मिटी, जीभ बाहेर काढी, आणि दोरा ओवला गेला की आजीने “तुझ्यावाचून मला एक टाकाही घालता येत नाही” असे त्याला ऐकवायचे, हा ठरलेला मोबदला. दोरा लांब घेतला तर गुंतायचा, आखूड घेतला तर ओवणे वारंवार. शहाणी आजी तो आखूडच घेई. त्यामागे शिवणीचा विचार किती आणि पोराला गुंतवून ठेवण्याचा किती, हे तिचे तिलाच ठाऊक.

आणि टाका कोणता? निव्वळ धावदोरा. ज्या बायकांना चोळीची गुंतागुंतीची शिवण येत होती त्यांनी येथे सर्वांत सोपा टाका का निवडला, याचे उत्तर पुन्हा मुलापाशी येऊन थांबते. धावदोऱ्याचे काम कोठेही सोडता येते. मूल रडले, चुलीवरचे दूध वर आले, अंगणात कोंबडी धान्यावर पडली, की सुई टोचून ठेवून उठावे आणि परत येऊन तेथूनच पुढे चालावे. काही बिघडत नाही, मोजलेले विसरत नाही, नक्षी चुकत नाही. मुलाच्या सहवासात, सतत मोडता पडत असताना, महिनोन् महिने पुरे होणारे काम कसे असावे याचा हा नमुना आहे. जात्याचे काम याच्या नेमके उलट. त्याला दोन्ही हात आणि सगळा श्वास लागतो, आणि फिरण्याला ताल असतो. म्हणून जात्याने ओवी दिली. गोधडीला ताल नाही, पण तिने तोंड मोकळे ठेवले, आणि तोंड मोकळे व ऐकणारा जवळ, अशा जागी गाण्यापेक्षा गोष्ट अधिक फळते. विद्वानांनी ओव्यांचे संग्रह पुष्कळ केले; गोधडीवर सांगितल्या गेलेल्या गोष्टींचे दफ्तर कोणी लावलेले नाही, आणि लावणार तरी कसे, कारण त्यांचा निम्मा मजकूर हातात आलेल्या ठिगळावरून तिथल्या तिथे सुचलेला असे: हे तुझ्या पणजीचे, हे तुझ्या बापाने आंब्याच्या झाडावर फाडले.

याहून मागे जावे तर वाट लेण्यांकडे वळते. जळगावाहून जवळ अजिंठा, आणि चाळीसगावच्या वरच्या डोंगरात पितळखोरे. या विहारांतून जे भिक्षू राहिले, त्यांनी अंगावर तुकड्यांनी जोडलेलेच चीवर घालावे असा विनयाचा, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम होता. विनयातल्या महावग्गात अशी हकीकत आहे की, मगधातील बांधाबांधांनी विभागलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आपल्या आनंद या शिष्याला तसे चीवर करता येईल का असे विचारले, आणि त्याने ते करून दाखवले. कापलेल्या वस्त्राचा चोराला लोभ होत नाही, असाही त्यामागे व्यवहार होता. वर्षावास संपल्यावर दान आलेल्या कापडाचे चीवर एका दिवसात सर्वांनी मिळून शिवायचे, तो ‘कठिन’ विधी. पण मला सर्वांत लक्षणीय वाटते ते या नियमांतले एक बारीक कलम: थंडीसाठीची संघाटी, म्हणजे वरून घ्यायचे चीवर, नव्या कापडाची असेल तर दोन पदरी, आणि जुन्या, विरलेल्या कापडाची असेल तर चार पदरी करावी. आमच्याकडच्या बायका चार पदरांच्या पांघरुणाला चौघडी म्हणतात, आणि त्यांनी महावग्ग वाचलेला नाही. विरलेल्या कापडाला ऊब आणायची तर चार पदर लागतात, हे ज्याला थंडी वाजते त्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळते. तेव्हा येथे वंशावळ जोडण्याचा मोह आवरलेला बरा. संस्कृतातील कंथा, तीच नाथपंथी जोग्याच्या अंगावरची, तीच बंगाली बायकांच्या हातची ‘काँथा’, ही भावकी मात्र निर्विवाद आहे.

जुन्या कापडाला केवळ मऊपणा होता असेही नाही; ते राखणदारही होते. ज्या घरी मुले जगत नसत तेथे नवे मूल जन्मले की त्याला नवे वस्त्र न घालता शेजारपाजारहून मागून आणलेल्या चिंध्यांत गुंडाळीत, आणि दैवाची नजर लागू नये म्हणून नावही तसेच हलके ठेवीत. खानदेशच्या सातबाऱ्यावर आजही चिंधा, धुडकू, भिका, दगडू, उखा ही नावे पानोपानी भेटतात. त्यांतली चिंधा आणि धुडकू ही तर थेट दुपट्यातून उचललेली. बिहारात बाळासाठी शिवल्या जाणाऱ्या ‘सुजनी’मागेही हीच समजूत आहे: तिथे चिंध्यांची अधिष्ठात्री म्हणून ‘चितिरिया माँ’ नावाची देवताच मानतात. इतक्या लांबच्या दोन मुलखांत एकच भीती आणि तिच्यावर एकच उतारा निघावा, याचे कारण बालमृत्यू दोहीकडे सारखेच होते, याहून गूढ काही नसावे.

पुढची हकीकत थोडक्यात आटोपते. 1943 मध्ये कापडावर नियंत्रण आले, आणि त्या ‘कंट्रोल’च्या दिवसांत गिरण्यांच्या गावीही लुगड्यासाठी रांगा लागल्या, गोधडीला मिळणारे लुगडे अधिकच विटके होऊन तिच्या पोटात येऊ लागले. तरी ती टिकली. तिला खरा धक्का दिला तो पुढे, सुबत्तेने. जुने कपडे घेऊन स्टेनलेस स्टीलचे भांडे देणारी बाई दारोदार फिरू लागली, आणि जे धोतर आधी गोधडीत जायचे ते चकचकीत वाटीच्या मोलाने दाराबाहेर गेले. पाठोपाठ नायलॉन आणि टेरीकॉट आले. ते फाटत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि पदरावर पदर घातला तर शिवताना निसटतात. नवरात्रापूर्वी घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या गिरणेवर आणि पांझरेवर नेऊन धुण्याचा जो सोहळा असे, तोही नळ घरात आणि पाणी नदीबाहेर गेल्यावर ओसरत चालला आहे. मशिनीवर शिवलेल्या, ठरावीक ठिगळांच्या गोधड्या प्रदर्शनांतून विकल्या जातात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, शिवणाऱ्या बायकांना त्यातून दोन पैसे मिळतात.

घरी हाताने शिवणे मात्र मोठ्या गोधडीपुरते जवळजवळ संपले आहे, आणि त्याचे कारण आळस नव्हे, जमीन. पाच हात रुंद तळ ताणून घालायला फरशीवर तेवढी मोकळी जागा लागते, आणि जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटांत ती जागा सोफ्याने आणि पलंगाने अडवलेली असते. दुपट्याला सतरंजीएवढी जागाही पुरते, म्हणून दुपटी अजून शिवली जातात; आणि नातवंड पुण्यात किंवा परदेशात असले तर ती सामानात घालून धाडली जातात. अडचण येते ती कापडाची. सुनेच्या कपाटात धुऊन मऊ झालेले सुती वस्त्र नाही, आजीची स्वतःची पातळे एकदोनच उरलेली. तेव्हा शेवटी ती जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईकडे जाते आणि एखादे जुने लुगडे आहे का म्हणून विचारते.