दफ्तर हलवताना : सिंहगडाचा पायथा ते माझी दुसरी हार्डडिस्क

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह शिगोशीग भरली. लघुशोधप्रबंधासाठी पंचवटीतील एका वृद्ध तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची छायाचित्रे मी दोन वर्षे काढीत होतो. ती सारी एका सूचीकरणाच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात साठली होती. जागा मोकळी करावी म्हणून एका रात्री तो संपूर्ण संग्रह मी 'कट' करून दुसऱ्या हार्डडिस्कवर 'पेस्ट' केला. सकाळी सॉफ्टवेअर उघडले, तो प्रत्येक चौकटीत छायाचित्राच्या जागी प्रश्नचिन्ह!

झाले ते समजण्यास सोपे आहे. अशी सॉफ्टवेअरे छायाचित्रे स्वतःच्या पोटात ठेवीत नाहीत. छायाचित्र एका ठिकाणी असते. ते कोणत्या वहीतले, कोणत्या गावाचे, कोणत्या कुळाचे, ही नोंद दुसऱ्या ठिकाणी असते. आणि त्या नोंदीत छायाचित्राचा पत्ता लिहिलेला असतो. मी माल हलवला, पत्ते जुनेच राहिले. हे दुरुस्त होते; सॉफ्टवेअरला नवी जागा दाखवली की बहुतेक चौकटी पुन्हा भरतात. दुरुस्त न होणारी चूक वेगळीच होती. माझा कॅमेरा प्रत्येक नव्या कार्डावर पुन्हा पहिल्या क्रमांकापासून मोजू लागतो. त्यामुळे निरनिराळ्या वह्यांच्या पानांना एकच नावे पडलेली होती. हलवताना दोन फोल्डर मी एकात मिसळले. 'त्याच नावाची फाइल आहे, बदलायची का?' असे संगणकाने विचारले आणि मी पेंगत 'होय, सर्व' म्हणालो. २१२ पाने गेली.

त्या वह्या पुन्हा उघडून छायाचित्रे काढावीत, तर आजोबा हिवाळ्यात वारले आणि वह्यांची वाटणी झाली. यजमानांच्या गावांप्रमाणे काही वह्या एका घरी, काही दुसऱ्या घरी गेल्या. मला हव्या असलेल्या वह्या ज्या पुतण्यांकडे आहेत, ते आता नाशिकला राहत नाहीत.

अपराध माझाच आहे. तो अधिक लागतो याचे कारण असे, की मराठ्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला दफ्तर हलवण्याचे धोके पहिल्याच वर्षी शिकवलेले असतात.

१७६३चा उन्हाळा आठवावा. निजामअली आणि जानोजी भोसले पुण्यावर चालून येत होते. थोरले माधवराव व राघोबादादा निजामाच्या मुलखात होते. पुण्याला तट नव्हता. गोपिकाबाई व नारायणराव सिंहगडाच्या आश्रयास गेले आणि त्यांच्यामागे माणसे, चीजवस्तू व सरकारी कागद यांचीही पळापळ झाली. ग्रँट डफ लिहितो, की गडाजवळचे एक गाव मोगली फौजेच्या तुकडीने पेटवले आणि त्या आगीत मराठ्यांच्या इतिहासाची काही हस्तलिखिते व पेशव्यांच्या सरकारी कागदांचा मोठा भाग साफ नष्ट झाला. पुढे त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनावर निजामाचा पुरता पराभव झाला. शाळेच्या पुस्तकात राक्षसभुवन असते. जळालेले गाव नसते. मुलूख परत घेता आला, कागद परत घेता आले नाहीत.

या प्रसंगाकडे मी आजवर निव्वळ युद्धाची एक हानी म्हणून पाहत होतो. आता वाटते, कागद गडावर चढवता आले नाहीत, पायथ्याशी राहिले, ही गोष्ट जितकी महत्त्वाची, तितकीच हीही, की जे गेले ते मूळ कागद होते. घाईच्या वेळी नक्कल करायला फुरसत नसते आणि फुरसतीच्या वेळी नकलेची गरज वाटत नाही. गोपिकाबाई पुढे नाशिकजवळ गंगापुरास येऊन राहिल्या, १७८८त त्यांचा अंत झाला. नातवाने, म्हणजे सवाई माधवरावाने, दिवस कसा घालवावा याविषयी त्यांनी लिहून दिलेली कलमे मात्र आज छापील स्वरूपात कोणालाही वाचता येतात.

मराठी दफ्तरखाना निष्काळजी होता, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. शिवकालापासूनच्या पत्रांच्या अखेरीस 'सुरू सूद', 'बार' असे शेरे दिसतात. पत्र लिहून झाले, तपासले गेले, दफ्तरी त्याची नोंद झाली, याच्या त्या खुणा आहेत. म्हणजे कागद बाहेर पडण्यापूर्वी त्याचा पत्ता सूचीत चढलेला असे. हुजूर दफ्तरात हिशेब येत, तसेच ते परगण्यात देशपांड्यांकडे आणि गावी कुळकर्ण्यांकडेही असत. मामलेदाराने दाखवलेला वसूल देशपांड्याच्या दफ्तराशी पडताळता यावा, हा त्यामागचा व्यवहारी हेतू. संशयापोटी निर्माण झालेली ही व्यवस्था नकळत नकलांचे जाळे बनली होती. एका ठिकाणचे जळाले तरी दुसऱ्या ठिकाणी काही उरे. सिंहगडाच्या पायथ्याशी जे गेले त्याचा फार बोभाटा झाला नाही, त्याचे एक कारण हे असावे, असे माझे मत आहे.

दफ्तराचा खरा क्षय आगीने नव्हे, दुर्लक्षाने झाला. नाना फडणविसांच्या काळात हुजूर दफ्तराची शिस्त कळसाला पोहोचली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत आस्थापना जवळजवळ मोडली. लोकांनी कागद उचलून नेले तरी कोणी विचारीनासे झाले. १८१८नंतर एल्फिन्स्टनच्या हाताखाली कॅप्टन मॅक्लिऑडने जे सापडेल ते गोळा केले. नानांनी आपल्याजवळचे कागद वाईजवळच्या मेणवलीस ठेवले होते. ते दफ्तर निराळ्याच वाटेने गेले: द. ब. पारसनिसांच्या हाती आले, साताऱ्याच्या संग्रहालयात राहिले आणि १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. एकाच माणसाच्या लेखणीखालून गेलेले कागद आज पुण्यातच दोन वेगवेगळ्या इमारतींत दोन वेगवेगळ्या सूच्यांखाली आहेत. संशोधकाला दोन्हीकडे खेटे घालावे लागतात. (खिशाला परवडेल तेव्हा.)

कागदाची जागा बदलली की त्याचा अर्थही बदलतो, याचे ठळक उदाहरण इनाम कमिशनचे. १८५२च्या ११व्या कायद्याने इनामदारांना आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करणे भाग पडले. तपासासाठी जमीनदारांची, देशमुख-देशपांड्यांची दफ्तरे गोळा झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात 'जमाव' नावाचा जो विभाग आहे, तो या गोळा केलेल्या कागदांचा. कालपर्यंत जो रुमाल वाड्याच्या माळ्यावर घराण्याचा हक्क राखत होता, तोच आता सरकारच्या हातात त्या हक्काची परीक्षा घेऊ लागला. कागद तोच, अक्षर तेच.

या दफ्तराचा पुढचा पसारा अफाट आहे. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या सुमारास त्यातून निवड करायला घेतली, तेव्हा तिथे सुमारे ३५ हजार रुमाल होते आणि त्यांतले सुमारे २७ हजार मोडीतले. त्यातून ४५ खंड निघाले. रुमाल, त्यात पुडके, पुडक्यात कागद, ही उतरंड म्हणजे तंतोतंत संगणकातला पाथच: ड्राइव्ह, फोल्डर, फाइल. जुन्या संशोधकांनी छापलेल्या कित्येक पत्रांखाली एवढेच असते, की हे पत्र अमुक गावी अमुक दफ्तरात मिळाले. ते दफ्तर नंतर हलले, विकले गेले, वाटले गेले. पत्राचा मजकूर आपल्यापुढे आहे, मूळ कागदापाशी जाण्याची वाट नाही. चौकटीत प्रश्नचिन्ह.

आजोबांच्या वह्यांची रीत या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणी होती. जुनी वही झिजली की ते नवी घालीत. पण नव्या वहीत त्या कुळाच्या पहिल्या नोंदीशेजारी जुन्या वहीची खूण व पान लिहीत. जुनी वही टाकून देत नसत, कारण तिच्यात यजमानांचे स्वतःचे हस्ताक्षर असे, आणि हस्ताक्षराची नक्कल होत नाही. रामकुंडावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले, की वह्या आपोआप वरच्या मजल्यावर. २००८च्या सप्टेंबरातल्या पुराच्या वेळी हे काम दोन मुलांनी जिन्यावर उभे राहून केले आणि प्रत्येक गाठोडे वर पोहोचल्याचे आजोबांनी मोठ्याने मोजून घेतले, असे त्यांनीच मला सांगितले होते.

मोजून घेणे! आपल्याकडे बेरजेचा, गुणाकाराचा ताळा पाहण्याची जुनी पद्धत आहे. नऊचा ताळा अनेकांच्या आजी-आजोबांना येतो: आकड्यांतील अंकांची बेरीज करीत एक अंक उरवायचा आणि तो दोन्ही बाजूंनी जुळतो का ते पाहायचे. संगणकातले चेकसम याच कुळातले. सगळ्या फाइलीवर गणित करून एक छोटी संख्या काढतात. नकलेची संख्या मुळाशी जुळली नाही तर नक्कल बिघडलेली आहे. नऊच्या ताळ्यात एक खोट आहे: ६३च्या जागी ३६ लिहिले तर ती चूक त्याला पकडता येत नाही. आजच्या चांगल्या चेकसमला अंकांची अशी अदलाबदल सहसा चकवीत नाही. पण कोणताही ताळा माझ्या 'होय, सर्व'ला पकडणार नाही. तिथे नक्कल निर्दोष झाली होती, फक्त दुसऱ्याच पानाच्या डोक्यावर.

उरलेला संग्रह मी जुलैत पुन्हा हलवला. प्रथम प्रत्येक छायाचित्राच्या नावात वहीची खूण घातली. मग 'कट' न करता 'कॉपी'; मग ताळा; मग सॉफ्टवेअरला नवा पत्ता; जुन्या जागी एक सिम्बॉलिक लिंक, म्हणजे ग्रंथालयात काढलेल्या पुस्तकाच्या जागी ठेवतात तशी चिठ्ठी, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा नव्या जागी पोहोचेल. महिनाभर दोन्ही प्रती ठेवून मगच मूळ जागेवरची पुसली. तिसरी प्रत सिन्नरला मामांकडे आहे, गोदावरीच्या पाण्यापासून दूर. (१९५६ साली आलेल्या पहिल्या व्यापारी हार्डडिस्क यंत्राचे वजन एक टनाच्या आसपास होते आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. माझ्या एका वहीच्या छायाचित्रांनाही ते पुरले नसते, पण निदान ते पेंगत कोणी हलवले नसते.)

गेलेल्या २१२ पानांपैकी ३७ पानांचा मजकूर माझ्या टिपणवहीत हाताने उतरवलेला सापडला. दिंडोरी तालुक्यातील एका कुळाच्या चार पिढ्या, एका विधवेची एकटीने केलेली यात्रा, आणि एका पानावर समासात 'पाऊस फार' एवढीच नोंद. उरलेल्या १७५ पानांसाठी पुतण्यांना पत्र लिहिले आहे. त्यांनी अद्याप हो म्हटलेले नाही. दिवाळीनंतर घरी या, एवढे कळवले आहे.