चारशे नावे आणि एक पाटी

वारशाच्या चर्चेत स्त्रियांचा विषय निघाला की आपल्याकडे एक उत्तर हमखास ऐकू येते. संग्रहालयांत, कलेतिहासाच्या पुस्तकांत स्त्रिया दिसत नाहीत हे खरे, पण त्याला आजच्या अभ्यासकाने काय करायचे? जुन्या काळी बायकांची नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत. साधने मुकी असतील तर पाटीवर कोणाचे नाव लिहायचे? आधुनिक आग्रहापोटी इतिहासात पात्रे घुसवायची का?

हा पूर्वपक्ष मी हलका मानत नाही. तो मांडणारे बहुधा साधनांना जपणारे लोक असतात आणि कल्पनेने इतिहास भरू नये हा त्यांचा आग्रह मलाही मान्य आहे. म्हणूनच त्यांना साधनांकडेच घेऊन जायला हवे. तंजावरइतकी सोयीची जागा त्यासाठी दुसरी नाही. मराठी वाचकाला तर ती परकीही नाही.

बृहदीश्वराच्या प्राकारात मराठी माणूस शिरला की त्याचे पाय एका भिंतीपाशी थांबतात. तिथे सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. कावेरीकाठी, हजार वर्षांच्या तमिळ देवळात, देवनागरीत, आपल्या भाषेत! ऊर भरून येतो आणि तो यावाच. पण त्याच देवळाच्या मुख्य विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, पायथ्याशी, तमिळ अक्षरांत, आणखी एक मजकूर आहे. आपल्यातले फार थोडे जण तिथवर जातात. राजराज चोळाने आपल्या कारकिर्दीच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे 1010च्या आसपास, दिलेली ती आज्ञा आहे. मी दिलेले, माझ्या अक्काने दिलेले, आमच्या स्त्रियांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले, हे सगळे श्रीविमानाच्या दगडावर कोरा, असे ती सांगते. तो क्रम पाहावा. राजानंतर लगेच त्याची थोरली बहीण, मग राण्या, आणि मग बाकीचे सगळे.

ही अक्का म्हणजे कुंदवै. तिच्या दानाचे लेख ई. हुल्श यांनी 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स'च्या दुसऱ्या खंडात छापले, त्या खंडाची सुरुवात 1891 सालची. म्हणजे हे लेख विद्वानांना ठाऊक होऊन शतक उलटून गेले आहे. तिने चार धातुमूर्ती दिल्या. दोन उमा परमेश्वरीच्या, देवळातल्या दोन मुख्य उत्सवमूर्तींच्या शेजारी बसवायच्या, आणि दोन आपल्या आईवडिलांच्या. दागिन्यांच्या याद्या तर इतक्या बारीक, की मोती, माणके आणि सोन्याचे वजन वाचताना एखाद्या दक्ष सराफाची वही समोर उघडल्यासारखे वाटते. मला मात्र तिच्या ठेवींचे लेख जास्त मोलाचे वाटतात. मूर्तींच्या नित्य खर्चासाठी तिने रोख रक्कम आसपासच्या गावांच्या सभांकडे ठेवली. व्याज ठरवून दिले, काशू नावाच्या एका नाण्यामागे दर वर्षी एक अष्टमांश काशू, म्हणजे शेकडा साडेबारा. व्याज गावाने द्यायचे, कायमचे. त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतीच्या गावांत एका स्त्रीचे भांडवल खेळत होते आणि त्याचा हिशेब दगडावर आहे.

याला कोणी मुके साधन म्हणणार असेल, तर बोलके साधन कसे असते ते त्याने दाखवावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ती राजकन्या, अपवाद. सामान्य बायकांचे काय? त्याचे उत्तरही त्याच देवळात आहे. राजराजाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या, म्हणजे 1014च्या सुमाराच्या, लेखात देवळाच्या सेवेसाठी चोळ राज्यातल्या वेगवेगळ्या देवळांतून आणून वसवलेल्या चारशे स्त्रियांची यादी आहे. प्रत्येकीचे नाव, ती मूळ कोणत्या देवळातली, तंजावरात तिचे घर कोणत्या गल्लीत, कोणत्या रांगेत, कितवे. दक्षिण गल्ली, दक्षिणेकडची ओळ, पहिले घर: नक्कन सेरमंगै. मग दुसरे घर, तिसरे घर, अशी ओळ सरकत राहते. प्रत्येकीला एक वाटा, वर्षाला शंभर कलम भात, 'आडवल्लान' नावाच्या मापाने मोजून. बाई वारली किंवा परगावी गेली तर तिच्या जवळच्या नात्यातल्याने वाटा घेऊन काम करायचे. तो पात्र नसेल तर त्याने दुसरा पात्र माणूस शोधून द्यायचा. अकराव्या शतकातल्या किती पुरुष कारागिरांचा घराच्या क्रमांकासकट पत्ता आपल्याकडे आहे?

इथे मलाही सावध राहायला हवे. या चारशेजणींना राजाज्ञेने हलवले होते. त्यांना तंजावरला यायचे होते का, हे लेख विचारत नाही. म्हणून या यादीवरून स्वातंत्र्याचे गोड चित्र रंगवणे चूक ठरेल. पण दुसरी चूक आपण आधीच करून बसलो आहोत. लेख त्यांना 'तळिच्चेरी पेण्डुगळ' म्हणतो, म्हणजे देवळाच्या वस्तीतल्या स्त्रिया. आपण भाषांतरात सरळ 'देवदासी' लिहितो आणि त्या एका शब्दाबरोबर एकोणिसाव्या शतकाचे सगळे निवाडे अकराव्या शतकावर लादतो. लेस्ली ऑर यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चोळकालीन तमिळ लेखांतल्या देवळातील स्त्रिया तपासल्या. त्यांना त्या मुख्यतः दान देणाऱ्या, देवळाशी नाते आणि मान मिळवणाऱ्या स्त्रिया म्हणून दिसल्या. राजघराण्याबाहेरच्या अशा स्त्रियांच्या दानांचे लेख त्रिभुज प्रदेशातल्या लहान लहान गावांच्या देवळांवर आहेत. सगळ्यांत साधे दान नंदादीपाचे. चोळ काळात एका अखंड दिव्यासाठी बहुधा शहाण्णव मेंढ्या द्याव्या लागत. तमिळ लेख त्यांना 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या' मेंढ्या म्हणतो, कारण कळपाची संख्या सांभाळून तूप पुरवत राहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. बाई दान देते ते भक्तीने, आणि पैसा मुळात नवऱ्याचा किंवा घराण्याचा, मग तिला कलेची आश्रयदाती कसे म्हणावे? आता हीच कसोटी राजराजाला लावून पाहू. त्याने देवळाला दिलेल्या सोन्यारुप्यापैकी बरेच चेर आणि पांड्य राजांना जिंकून मिळवलेले होते, असे त्याचेच लेख सांगतात. म्हणजे लुटीचा पैसा देवाला दिला तर देऊळ राजाचे, आणि स्वतःजवळचे सोने देवाला दिले तर ती केवळ बाईची भक्ती? राजाच्या दानात हेतू, रसिकता आणि राजकारण शोधायचे, राणीच्या दानात फक्त पदर पसरलेला पाहायचा, ही साधनांची मर्यादा नव्हे. साधन दोघांविषयी एकाच भाषेत बोलते, वाचणारा दोघांना वेगळे वाचतो.

सेंबियन महादेवीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. गंडरादित्य चोळाची ती राणी, तरुणपणीच विधवा झालेली, उत्तम चोळाची आई. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक दशके ती देवळे बांधत होती, विटांची जुनी देवळे दगडात नव्याने उभारत होती. तिच्या देवळांत दक्षिण भिंतीच्या कोनाड्यात नटराज ठळकपणे येऊ लागतो. ज्या नटराजाला आपण चोळ कलेची ओळख मानतो, त्याला ते स्थान मिळण्यात तिचा वाटा मोठा होता, असे विद्या दहेजिया आणि पद्मा कैमल यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले आहे. कोनेरिराजपुरमच्या देवळात एक शिल्पपट आहे. त्यात गंडरादित्य लिंगाची पूजा करतो आहे आणि शेजारचा लेख सांगतो, की हे देऊळ सेंबियन महादेवीने पतीच्या नावाने बांधले. पूर्वपक्षी म्हणेल, पाहा, तिने स्वतःच श्रेय नवऱ्याला दिले. मी म्हणतो, लेख नीट वाचा. पुण्य आणि नाव त्याचे, बांधकाम तिचे. तिने दोन्ही गोष्टी लिहवून घेतल्या. एकच वाचायची सवय आपली.

तिच्या नावाचे गाव आजही नागपट्टिनमकडे आहे. तिच्या सुनांनी त्या गावच्या देवळात तिच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी, ज्येष्ठेला, विशेष पूजा व्हावी म्हणून दाने लावून दिली होती. या कामाची किंमत त्या काळाला कळलेली होती. वॉशिंग्टनच्या फ्रिअर संग्रहालयात 1929 पासून असलेली एक देखणी कांस्यमूर्ती याच राणीची म्हणून जगभर ओळखली जाते. तमिळनाडूच्या मूर्तिचोरीविरोधी पथकाने ती याच गावच्या देवळातून गेलेली असल्याचा दावा अलीकडे केला. मूर्ती परत यावी की नाही हा प्रश्न गंभीर आहे, पण माझा युक्तिवाद तिच्यावर मी उभा करणार नाही. मूर्तीवर नाव कोरलेले नाही, ती राणी की पार्वती याबद्दल मतभेद आहेत. या राणीच्या शेकडो ओळी दगडावर असताना आपण तिला एका सुंदर देहावरून ओळखतो, याचे मात्र वाईट वाटते.

मग मौन आले कुठून? याचे उत्तर आपल्या भोसल्यांच्या तंजावरातच सापडते, म्हणून ते मराठी वाचकाला सांगणे मला कर्तव्य वाटते.

प्रतापसिंहराजांच्या कारकिर्दीत (1739 ते 1763) दरबारात मुद्दुपळणी नावाची कवयित्री होती. गणिकाकुळातली, तेलुगू आणि संस्कृत जाणणारी. तिने 'राधिकासांत्वनम्' हे तेलुगू शृंगारकाव्य रचले. पुरुष कवींनी केले असते तेच तिने केले: प्रस्तावनेत आपला परिचय दिला, आपल्या कुळातल्या स्त्रियांची नावे अभिमानाने सांगितली, आपल्या विद्वत्तेची थोरवी गायली. याहून जास्त बोलके साधन कोणते? मराठी राजाच्या पदरी असलेल्या या बाईने आपले नाव, कुळ आणि योग्यता, सगळे लिहून ठेवले. पुढे 1887 साली काव्य छापले गेले तेव्हा ही प्रस्तावनाच गाळली गेली आणि काही पद्येही. आंध्रातले थोर सुधारक वीरेशलिंगम यांनी तिला कुलटा ठरवले आणि हे काव्य स्त्रियांच्या कानी पडू नये असे लिहिले. बंगळूरच्या नागरत्नम्मा या स्वतः गणिकाकुळातल्या विदुषी गायिकेने मूळ पोथी मिळवली आणि गाळलेले सारे परत घालून 1910 साली मद्रासच्या वाविल्ला प्रकाशनातर्फे नवी आवृत्ती काढली. वीरेशलिंगमांना नागरत्नम्मांचा प्रश्न साधा होता: लाज आणि मर्यादा फक्त बायकांनाच का लागू? पुरुष पंडितांनी याहून उघडे लिहिलेले चालते कसे? पुढच्याच वर्षी सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. बंदी उठली 1947 साली, टंगुटूरी प्रकाशम मद्रास प्रांताचे प्रधान असताना.

ही सनावळी पूर्वपक्षाने समोर ठेवावी. नाव अठराव्या शतकात लिहिले गेले. गाळले गेले एकोणिसाव्यात. बंद झाले विसाव्यात, आणि तेही नीती, सुधारणा आणि कायद्याच्या नावाने. ज्याला आपण प्राचीन काळाचे मौन समजतो, ते पुष्कळदा आपल्या पणजोबांच्या पिढीने घातलेले कुलूप असते. देवदासी प्रथेविरुद्धचा लढा आवश्यक होता, मुथुलक्ष्मी रेड्डींचे ऋण मोठे आहे, यात मला शंका नाही. पण प्रथा संपवताना त्या स्त्रियांची विद्याही कलंकाच्या खात्यात टाकली गेली, हेही तितकेच खरे.

आपल्या तंजावरात असे आणखी आहे. एकोजीराजांच्या दीपाबाई आपल्याला आठवतात त्या शिवाजी महाराजांच्या भावजय म्हणून. 1737च्या सुमारास सुजानबाईंनी राज्य सांभाळले, ते वंशावळीत एका ओळीत उरकते. रामेश्वराच्या वाटेवरची छत्रे, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळा, पाहा: नीडामंगलमला यमुनाम्बा, ओरत्तनाडूला मुक्ताम्बा. मुक्ताम्बा ही सरफोजीराजांची लग्नाची बायको नव्हे. तिच्या नावाने त्यांनी 1802च्या सुमारास हे छत्र उभारले. त्याच्या वर्षभर आधी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांचे काम समजावून सांगितले आहे. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य, पोरक्या मुलांना दूध, आणि वाटेत प्रसूत होणाऱ्या बाईचा सगळा खर्च व बाळंतपणानंतर तीन महिने मुक्काम. कलेतिहासाने या इमारतींचे खांब मोजले. बाळंतिणीची ती तीन महिन्यांची सोय वारशाच्या यादीत कधी आली नाही.

पाटीवर काय लिहावे, हा प्रश्न आता तितका अवघड राहत नाही. चोळ मूर्तीखाली आज बहुधा देवाचे नाव, धातू, शतक आणि गाव असते, फार तर राजाचे नाव. दात्रीचा लेख उपलब्ध असेल तिथे तिचे नाव लिहावे, तिने दिले काय आणि ते चालवायची तरतूद कशी केली तेही. नाव नसेल तिथे 'दाता अज्ञात' म्हणावे आणि राजाचे नाव सवयीने पुढे करू नये. यात कल्पनेचा एक शब्द नाही. साधनांची शिस्त पाळणाऱ्यांनी हे सर्वांआधी मागायला हवे होते.

तंजावरच्या उत्तरेला तेरा-चौदा किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. राजराजाची राणी लोकमहादेवी हिने तिथे आपल्या नावाचे देऊळ बांधले, आणि चारशेजणींपैकी काहीजणी तिथून आलेल्या. त्याच गावी, कावेरीकाठी, संगीतकार त्यागराजांची पडकी समाधी नागरत्नम्मांनी स्वतःच्या कमाईतून बांधून घेतली, 1925 साली तिची प्रतिष्ठापना झाली. त्यागराजांच्या स्मरणार्थ तिथे होणाऱ्या संगीत आराधनेचे मानकरी तेव्हा दोन गटांत विभागले होते आणि दोन्ही गट बायकांना गाऊ देत नव्हते. नागरत्नम्मांनी बायकांचा तिसरा गट उभा केला आणि समाधीच्या मागे गाणे सुरू केले. तिन्ही गट एकत्र यायला 1940 उजाडले. 1952 साली त्या गेल्या तेव्हा त्यांना तिथेच, त्यागराजांच्या समाधीसमोर जागा मिळाली. त्यांची दगडी मूर्ती आजही तिथे समाधीकडे तोंड करून बसलेली आहे, आणि आराधनेला येणारे हजारो लोक तिच्या शेजारून आत जातात.