माणूस आणि पार्श्वभूमी : संयुक्त छायाचित्रांची मुंबई आणि दिल्ली

छायाचित्र हा इतिहासाचा निःपक्षपाती साक्षीदार होय, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाला. चित्रकार कल्पनेने भर घालतो, कॅमेरा मात्र समोर असेल तेवढेच टिपतो, हा त्यामागील तर्क. वस्तुतः एका छायाचित्रातील माणूस कापून काढून त्याला दुसऱ्या छायाचित्रातील जागेत उभे करण्याची रीत या कलेच्या पहिल्या दोन दशकांइतकी जुनी आहे. महाराष्ट्रातील जातिजमातींच्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांवरच तिचा ठसा असल्यामुळे मराठी समाजेतिहासाच्या अभ्यासकाला तिची दखल घेणे भाग पडते.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान तिचे सभासद होते. संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने १८५६ पासून विल्यम हेंडरसनच्या साहाय्याने ‘इंडियन अॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक प्रकाशन चालविले. पश्चिम भारतातील लोकांचे पोशाख दाखविणारी व्यक्तिचित्रे त्यात येत. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये जॉन्सनने लंडनहून मुंबईच्या रहिवाशांविषयीचा ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज’ हा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा दुसरा खंड महाराष्ट्राला वाहिलेला आहे. आल्बममधील काही आकृत्या या ग्रंथात पुन्हा भेटतात, पण त्या आता स्टुडिओत नाहीत. त्यांच्या मागे उघडी हवा, इमारती, मंदिरे आली आहेत. माणूस तोच, पेहराव तोच. स्थळ मात्र नंतर जोडलेले.

यामागे तांत्रिक कारण होते, हे नाकारता येत नाही. १८५१ पासून प्रचारात आलेल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. त्यासाठी अंधारा तंबू बरोबर नेणे आले. शिवाय चित्र उमटण्यास काही सेकंद लागत, तेवढा वेळ रस्त्यावर कोण स्थिर राहणार? म्हणून माणसे स्टुडिओत आणि स्थळे बाहेर, अशी विभागणी करून दोन्ही काचांवरून एकच प्रत छापणे सोयीचे ठरे. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसहून अधिक काचा जोडून एक भव्य नीतिचित्र उभे केले होते. पण सोय हे अर्धेच उत्तर झाले. चांगले व्यक्तिचित्र एवढाच हेतू असता तर आल्बममधील साधी भिंत पुरेशी होती. देखावा हवा होता तो विलायतेतील वाचकाला. ‘हा माणूस येथला’ ही खूणगाठ त्या देखाव्याने पटत असे. चित्रातील व्यक्तीला मात्र आपण कोठे उभे केले जाणार याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पागोटे, दागिने, नेसण यांच्या अभ्यासासाठी ही चित्रे अमोल आहेत. त्यांवरून वस्तीविषयी अनुमान काढणे मात्र धोक्याचे ठरते. पायांखालची सावली आणि मागील इमारतीवरचे ऊन जुळते की नाही, हे आधी पाहिलेले बरे.

माणसाला त्याच्या जागेतून उचलून नमुना बनविण्याचा सल काय असतो, हे एका दिल्लीकराने नोंदवून ठेवले आहे. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड काढले. त्यातील चित्रे जोडलेली नव्हेत, पण दृष्टी तीच. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये हा ग्रंथ पाहिला. तो चाळत असलेल्या त्यांच्या मुलाला एका इंग्रज तरुणाने ‘तुम्ही हिंदुस्थानी का?’ असे विचारले. मुलाने होकार दिला खरा, पण लाजेने लाल होऊन, आपले पूर्वज परदेशातून आले होते असे लगोलग जोडून. दिल्लीच्या वास्तूंचा ‘आसार-उस्-सनादीद’ हा तपशीलवार वृत्तांत १८४७ मध्ये लिहिणाऱ्या विद्वानाच्या मुलाने आपल्या देशाशी असलेले नातेच सैल करून सांगावे, यात त्या चित्रांची ताकद दिसते.

स्वेच्छेने घडणारी कापाकापीही होती. राजस्थानात नाथद्वाऱ्याचे चितारी यात्रेकरूच्या छायाचित्रातील चेहरा कापून रंगविलेल्या देहावर चिकटवीत आणि त्याला सहकुटुंब श्रीनाथजींसमोर उभे करीत. येथे जागा भक्ताने स्वतः मागितलेली असे.

दिल्लीत हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला तो २००१ च्या सुमारास. अमृता शेरगिल (१९१३–१९४१) यांचे वडील उमरावसिंग हे संस्कृत-फारसीचे व्यासंगी आणि हौशी छायाचित्रकार. बुडापेस्ट, पॅरिस व सिमला येथे त्यांनी स्वतःची आणि कुटुंबाची असंख्य छायाचित्रे घेतली. अमृतांच्या भगिनी इंदिरा यांचे पुत्र विवान सुंदरम् (१९४३–२०२३) यांनी ती संगणकावर घेऊन ‘री-टेक ऑफ अमृता’ ही कृष्णधवल मालिका रचली. वेगवेगळ्या सालांतील माणसे एका खोलीत आली, अमृतांची चित्रे आरशांत व भिंतींवर शिरली. मावशीच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या भाच्याने तिला असे घरात परत आणले. अजिंठ्याच्या भेटीने जिची शैली बदलली आणि १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने जिला सुवर्णपदक दिले, ती चित्रकर्ती येथे पुन्हा कोणाची तरी मुलगी होते.

मालिकेवर आक्षेप घेता येतो. मृत व्यक्तींची संमती येथेही नाही. बाप-लेकीची जवळीक कोठे किती दाखवायची, हे नातवाने ठरविले आहे. तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. जॉन्सनच्या ग्रंथाने सांधा झाकला, तर सुंदरम् यांनी तो शीर्षकातच सांगितला. संगणकाने कडा बेमालूम जुळविल्या असल्या तरी हे पुन्हा घेतलेले चित्र आहे, हे प्रेक्षकाला आधीच कळते. उमरावसिंगांची मूळ छायाचित्रेही २००८ मध्ये दिल्लीहून स्वतंत्र ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्यामुळे कोण कोठून उचलले, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ताडून पाहता येते.