पहिला घास

बाळाला पहिल्यांदा अन्न भरवण्याच्या समारंभाला मराठीत 'उष्टावण' म्हणतात. शास्त्री मंडळींचे नाव अन्नप्राशन. शब्द गोड आहे. पण त्यातले 'उष्टे' आमच्या आज्या-पणज्यांनी निराळ्याच अर्थाने गिळले आहे. एका घरात चांदीच्या वाटीतली खीर बाळाने उष्टावायची आणि सगळ्यांनी कौतुक करायचे. दुसऱ्या घरात गावाने उष्टे करून टाकलेले बाळाच्या तोंडी पडायचे.

ही फारकत आपोआप झालेली नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सहाव्या महिन्यात अन्नप्राशन करावे असे सांगितले आहे (श्लोक ३४). मुलींचेही संस्कार करावेत, पण मंत्राविना (६६). मग दहावा अध्याय उघडावा. श्लोक १२५ म्हणतो, शूद्राला उष्टे अन्न द्यावे. आणि लगेच १२६ म्हणतो, तो संस्काराला पात्र नाही. त्याच अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे अशी आज्ञा आहे (५२). २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, त्याचे ज्यांना आजही वाईट वाटते त्यांनी हे श्लोक शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

सहावा महिना मात्र चुकीचा नव्हता, हे कबूल करायला आपल्याला अडचण नाही. आजचे वैद्यकही तेच सांगते : पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, नंतर दुधाबरोबर वरचे अन्न. पण तेवढ्याने ग्रंथ शास्त्रीय ठरत नाही. हाच मनू नाळ कापण्याआधी मुलाला मध आणि तूप चाटवायला सांगतो (२.२९), आणि डॉक्टर वर्षाच्या आत मधाचे बोटही लावू देत नाहीत, मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला लकव्यासारखा जीवघेणा आजार होऊ शकतो.

आमच्या आजीच्या घरी येसकरकी होती. धाकट्या भावाच्या उष्टावणाविषयी मी तिला विचारले, तेव्हा ती हसली. मागून आणलेल्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवायचा, आईने आपल्या दाताखाली मऊ करायचा आणि बाळाच्या तोंडात सारायचा. कितव्या महिन्यात? "खुरपणी लागली तवा." पंचांग नाही, डॉक्टर नाही, मालकाच्या शेतातले तण महिना ठरवत होते.

मुंबईच्या गिरणीतली बाई याहून सुखी नव्हती. पाळीवर जाताना बाळ झोपून राहावे म्हणून ती त्याला अफूची बाळगोळी देई. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, पण मालकालाही त्यातून पुरते सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईसाठी होता. बांधावरची बाई त्यात नव्हती.

ती अजूनही बाहेरच आहे. २०१७ पासून प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे बरोबर सहा महिने. माझी बायको नोकरीत असल्यामुळे तिला ती मिळाली. माझी चुलत बहीण ऊसतोडीला जाते. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. १८२ दिवसांवर वाटले तर दिवसाला सत्तावीस रुपये आणि काही पैसे. एवढ्यावर कोणती आई कोयता खाली ठेवील?

माझ्या मुलीला सहावा महिना सरल्यावर आम्ही नाचणीचे सत्त्व दिले, मग मुगाची मऊ खिचडी. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. वरणाच्या पाण्याने पोट भरते, बाळ भरत नाही. नवा पदार्थ एका वेळी एकच, मीठ-साखर नाही, हात साबणाने धुतलेले, बाळ मांडीवर ताठ बसलेले. शेंगदाणा आणि फुटाणा घशात अडकतो म्हणून दूर. सुरुवातीला दिवसाला दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. हे ज्ञान कठीण नाही, बहिणीलाही आशाताईने ते सांगितले आहे. पण फडावरच्या कोपीत दिवसाला चार वेळा ताजे शिजवणार कोण, आणि उकळलेले पाणी कुठले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी सुमारे ११ टक्केच निघाली. बाकीच्या आया अडाणी आहेत, असे समजणे सोयीचे आहे.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. नव्या अंगणवाड्या दलित-आदिवासी वस्त्यांत आधी काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये सांगावे लागले. आमच्या गावची अंगणवाडी देवळाच्या ओवरीत भरे. सुकडी घ्यायला आई मला कडेवर घेऊन जाई, आणि पायरीखाली उभी राही.