आधाराचा पंप आणि वयाची रेषा

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मंडळाच्या जडणघडणीवर, गणेशोत्सवातील नाटकांवर किंवा म्हैसूरच्या दसऱ्यावर लिहिणारी अधिकारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या पंक्तीत हृदयविकाराचा विषय घेऊन बसणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु पन्नास वर्षांपूर्वी केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, रेल्वेच्या कारखान्यात किंवा बँकांमध्ये नोकरीनिमित्त आलेली आणि या शहराच्या हवेला भुलून येथेच राहिलेली माणसे तेव्हा पंचविशी-तिशीची होती. आज ती पंचाहत्तरी ओलांडून ऐंशीच्या घरात आली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, कित्येकांची तर सातासमुद्रापलीकडे. म्हैसूर हे पेन्शनरांचे नंदनवन, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली म्हणजे नंदनवनातही रुग्णवाहिका बोलवावी लागते, आणि तेथे पोहोचल्यावर विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ‘वय किती?’ हाच असतो. या प्रश्नाचा इतिहास मी सांगू इच्छितो.

कृष्णराजसागर रस्त्याने जाताना राजकन्या कृष्णाजम्मण्णी क्षयरोग आरोग्यधामाचे विस्तीर्ण आवार लागते. राजघराण्यातील ज्या राजकन्येचे नाव त्या वास्तूला दिले, तिलाही क्षयानेच गाठले होते. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, दूध आणि विश्रांती एवढाच उपचार. त्याच आवारात २०१८ साली जयदेव हृदयरोग संस्थेचे मोठे रुग्णालय उभे राहिले. तत्पूर्वी काही वर्षे ते कृष्णराजेंद्र रुग्णालयाच्या परिसरात चालत असे. क्षयाने तरुण माणसे जात; आज त्याच फाटकातून बहुतांशी प्रौढ आणि वृद्ध आत जातात.

हृदयविकाराच्या झटक्यातून आज बहुतेक रोगी वाचतात. बंद झालेली रोहिणी फुग्याने उघडून तेथे स्टेंट बसवला की काम भागते. परंतु काहींच्या हृदयाचा इतका मोठा भाग निकामी होतो की ते पंप म्हणून चालेनासेच होते. रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते, शुद्ध हरपू लागते. डॉक्टर यास ‘कार्डिओजेनिक शॉक’ म्हणतात. रोहिणी उघडूनही यातील जवळजवळ निम्मे रोगी दगावतात. अशा वेळी हृदयाला चार-सहा दिवस विसावा मिळावा आणि त्याचे काम तेवढ्यापुरते यंत्राने करावे, ही कल्पना आता साठ वर्षांची झाली.

१९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. परंतु ते यंत्र शस्त्रक्रियेच्या टेबलापुरते होते. १९६६ साली ह्यूस्टनमध्ये मायकेल डीबेकी यांनी एका ३७ वर्षांच्या स्त्रीच्या हृदयाला शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस पंपाचा आधार दिला, आणि ती वाचली. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये एड्रियन कांट्रोविट्झ यांनी महारोहिणीत सारलेला फुगा प्रथम माणसावर वापरला. युक्ती मोठी सुरेख आहे. हृदय आकुंचन पावताना फुगा मिटतो आणि हृदयाचे ओझे हलके करतो. हृदय सैल पडले की तो हेलियम वायूने फुगतो आणि हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत रक्त लोटतो. त्यांची पहिली रोगी ४५ वर्षांची होती. वाचकांनी ही वये ध्यानात ठेवावीत.

त्याच कांट्रोविट्झ यांनी डिसेंबर १९६७ मध्ये एका तान्ह्या बालकावर हृदयरोपण केले, आणि अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. डॉ. जी. बी. पारुळकर हे सेन यांचे सहकारी. श्वानांवरील प्रयोगांची कित्येक वर्षांची साधना या दोघांनी मिळून केलेली. रोगी काही तासच जगला. परळच्या एका महापालिकेच्या रुग्णालयात हे धाडस झाले, याचा अभिमान आपण बाळगावा असे मला वाटते, मग निष्पत्ती काहीही असो. शरीर परके हृदय स्वीकारीत नाही, या अडचणीपुढे जगभरची ती लाट पुढे ओसरली. हृदय बदलण्याचे स्वप्न मागे पडले. हृदयाला हात देणारा साधा फुगा मात्र पुढची चार दशके अतिदक्षता विभागांत टिकून राहिला.

पुढची पायरी ज्या माणसाने चढली, त्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रिचर्ड वाम्पलर हा अमेरिकन डॉक्टर १९७६ साली इजिप्तमधील एका खेड्यात गेला असता, शेतकरी आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी वर चढवताना त्याने पाहिले. नळीत मळसूत्र फिरते आणि पाणी चढत जाते. आपल्याकडे मोट आणि रहाट. हे साधन आपल्या शेतकऱ्याच्या फारसे परिचयाचे नाही. वाम्पलरच्या मनात आले, हेच मळसूत्र पेन्सिलीएवढे करून हृदयात का बसवू नये? मिनिटाला पंचवीस हजार फेरे घेणाऱ्या पात्यांनी रक्तपेशींचा चुराडा होईल, अशी जाणत्यांना धास्ती होती. तसे झाले नाही. १९८८ साली ह्यूस्टनमध्ये तो पंप जांघेतील रोहिणीतून रोग्याच्या हृदयात गेला. ते विशिष्ट यंत्र पुढे मागे पडले. परंतु त्याच तत्त्वावर जर्मनीतील आखेन येथे ‘इंपेला’ हा पंप घडला. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त ओढून तो महारोहिणीत सोडतो, मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास. धडधाकट माणसाचे हृदय विश्रांतीत सुमारे पाच लिटर रक्त फिरवते, हे लक्षात घेता ही मदत लहान नव्हे.

यंत्रे आली, पण त्यांनी माणसे वाचतात का, आणि कोणत्या वयाची, हे तपासायला फार उशीर झाला. १९९९ साली अमेरिकेतील ‘शॉक’ अभ्यासात ३०२ रोगी होते. बहुतेकांना फुग्याचा आधार होता. प्रश्न होता तो रोहिण्या तातडीने उघडण्याचा. सहा महिन्यांनी लाभ दिसला, परंतु पंचाहत्तरीच्या पुढील ५६ जणांत चित्र उलटे: तातडीचा उपचार झालेल्यांपैकी ७५ टक्के महिन्याभरात गेले, न झालेल्यांपैकी ५३ टक्के. झाले! पंचाहत्तर हा आकडा मनामनांत कोरला गेला. पुढे त्याच संशोधकांनी अभ्यासाबाहेरच्या रोग्यांची नोंदवही उघडली, तेव्हा डॉक्टरांनी पारखून निवडलेल्या वृद्धांना या उपचाराचा फायदा होतो असे आढळले. पहिली रेषा ५६ माणसांवरून ओढलेली होती. ती पुसट झाली.

२०१२ साली जर्मनीत ६०० रोग्यांवर फुग्याची परीक्षा झाली. फुगा लावलेले ३९.७ टक्के दगावले, न लावलेले ४१.३ टक्के; म्हणजे फरक नाहीच. पंचेचाळीस वर्षांची ती सुरेख युक्ती आकड्यांपुढे निष्प्रभ ठरली. २०२३ साली रक्त शरीराबाहेर काढून त्यात प्राणवायू मिसळून परत सोडणाऱ्या यंत्राचीही तीच गत झाली. मग २०२४ साली ‘डेंजर’ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटन येथील ३५५ रोगी. मोठा झटका, शॉक, परंतु गाढ बेशुद्धी नाही, असे निवडलेले. सूक्ष्म पंप लावलेल्यांपैकी सहा महिन्यांत ४५.८ टक्के मृत्यू पावले, इतरांपैकी ५८.५ टक्के. यंत्राने माणसे वाचतात, हे प्रथमच निर्विवाद दिसले. किंमतही मोजावी लागली: पंप लावलेल्यांपैकी ४१.९ टक्के रोग्यांना डायलिसिससारखा उपचार लागला, इतरांपैकी २६.७ टक्क्यांना, रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे हेही अधिक.

त्या संशोधकांनीच पुढे वयानुसार हिशेब मांडला. सत्त्याहत्तरीच्या आतील रोग्यांना लाभ ठळक. त्यापुढील रोग्यांत तो दिसेना. कारण समजण्याजोगे आहे. म्हातारपणी जांघेच्या रोहिण्या अरुंद आणि वेड्यावाकड्या होतात, मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात, आणि रक्तस्राव सोसण्याची ताकद उरत नाही. हृदय सावरते, पण बाकीचे शरीर सावरत नाही.

माझे स्वतःचे मत असे की, १९९९ सालचा धडा विसरून हा नवा आकडा दगडावर कोरू नये. मूळ अभ्यासातच मोजके असलेले वृद्ध वेगळे काढले की संख्या आणखी तोकडी होते, हे उघड आहे. रोज पहाटे चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढणारे ऐंशीचे गृहस्थ आपल्या मंडळात आहेत, आणि मधुमेहाने पासष्टीतच खचलेलेही आहेत. परंतु ‘वय किती?’ असे विचारणाऱ्या डॉक्टरवर चिडणेही तितकेच गैर. तो अपमान करीत नसतो. लक्षावधी रुपयांचा पंप लावला तर माणूस घरी परतेल, की डायलिसिसच्या यंत्राला जखडून पंधरवडाभराने जाईल, याचा अंदाज तो बांधत असतो. आणि त्या अंदाजाला कुटुंबाकडून हवी असलेली माहिती वेळेवर मिळत नाही.

ती माहिती साधीच असते. आजारापूर्वी आजोबा किती चालत, जिना चढत का, मूत्रपिंडाची तपासणी शेवटची केव्हा झाली, कोणती औषधे चालू, पायाच्या रोहिण्यांचा विकार आहे का, आणि मुख्य म्हणजे अशा प्रसंगी आपल्याला काय हवे आणि काय नको, हे त्यांनी स्वतः कधी बोलून दाखवले होते का. मुलगा न्यू जर्सीहून फोनवर असतो, सून विमानतळावर, शेजारचे कन्नड गृहस्थ फॉर्मवर सही करायला कचरतात, आणि आजी नुसती पदर तोंडाला लावून बसलेली. हे सारे एका कागदावर, मराठीबरोबर कन्नड किंवा इंग्रजीतही, लिहून देवघराच्या कपाटात ठेवायला अर्धा तास पुरतो. आमच्या घरी आम्ही तो कागद गेल्या गुढीपाडव्याला लिहिला. सौभाग्यवतींनी स्वतःच्या कागदावर काय लिहिले, ते मला वाचू दिले. माझा वाचून मात्र त्यांनी दोन ओळी खोडायला लावल्या.